‘पण’च्या पुढचं

लॉस्ट फोर्क, केंटकी
११ सप्टेंबर २०१८

प्रिय लेसी,

अक्षर बघून ओळखलंच असशील. तुझा पत्ता मी डॉलर-दुकानातल्या ट्रिनाकडून काढला. तिला रागावू नकोस. ती द्यायला तयार नव्हती, मी काउंटरसमोरून हलेचना. मागे रांग लागली, तेव्हा पावतीच्या पाठीवर लिहून दिला बिचारीने.

मी हे पत्र लिहितोय ते तुझ्या आईला माहीत नाही. ती ठीक आहे. मीही ठीक आहे. शाळेची बस चालवणं मी मे महिन्यात सोडलं. एवढी वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना ‘खाली बस’ म्हणून ओरडलो, आता घरात ओरडायला कुत्रासुद्धा नाही.

लिहायचं कारण असं, की तुझ्या आईचा, आपल्या व्हर्लीनचा, खटला जिंकला. अपंगत्वाचा भत्ता अजून मिळालेला नाही, घाईने आनंद करू नकोस. जुलैमध्ये मोठ्या कोर्टातल्या न्यायाधीशबाईंनी भत्ता-कचेरीचा निकाल रद्द केला आणि सांगितलं, पुन्हा नीट सुनावणी घ्या. डॉक्टरांनी पाठीच्या मणक्यांबद्दल लिहिलं होतं ते का बाजूला सारलं, याचं कारणच त्या साहेबाने दिलं नव्हतं, एवढ्याच मुद्द्यावर. तो साहेब म्हणजे ज्याच्यासमोर तू साक्ष दिलीस तो, बारीक मिशीवाला.

पहिल्या सुनावणीचा तो टीव्हीवर जाहिरात करणारा वकील निकाल लागल्यावर फोनही घेईना. नंतर हा खटला हॉबर्ट गेहार्टने लढवला. हॉबर्ट माझ्याबरोबर शाळेत होता, आठव्या इयत्तेत माझ्या पुढच्या बाकावर बसून माझी उत्तरं बघायचा. आता तो उत्तरं देतो आणि मी बघत बसतो. त्याने व्हर्लीनकडून एक पैसा घेतला नाही. म्हणाला, “जिंकलो तर सरकारकडून वसूल करीन.”

मी म्हटलं, “सरकार तुला कशाला देईल रे?”

“कायदाच आहे. गरीब माणसाला सरकारशी भांडायला लावलं आणि सरकारची बाजू चुकीची निघाली, तर वकिलाची फी सरकारने भरायची.”

तसा अर्ज त्याने या आठवड्यात टाकला. आता त्याची वाट बघायची.

तुला काही विचारत नाही. तिकडे थंडी लवकर पडते म्हणे.

डेवी मामा


३० ऑक्टोबर

लेसी,

तुझं उत्तर नाही, तरी लिहितो. नको असेल तर फाडून टाक. पण आधी वाच, कारण यात तुझं नाव आहे.

सरकारी वकिलाचा हॉबर्टला फोन आला. तरुण मुलगा आहे, लुईव्हिलमध्ये बसतो, बोलायला गोड. तो म्हणाला, आम्ही हरलो हे खरं, पण फी द्यायला बांधील नाही.

हॉबर्टने मला आणि व्हर्लीनला बोलावून हे समजावलं. त्याचं ऑफिस अजून बुटांच्या बंद दुकानाच्या वरच आहे. जिन्याच्या पंधरा-सोळा पायऱ्या चढून गेल्यावर तुझी आई त्याच्या खुर्चीत बसली नाही, फायलींच्या कपाटाला टेकून उभी राहिली. मी तेव्हा तिकडे लक्ष दिलं नाही.

हॉबर्ट म्हणाला, “सरकार नुसतं हरलं म्हणून फी देत नाही. ‘आम्ही हरलो, पण आमची बाजू कुठल्याही शहाण्या माणसाला पटण्यासारखी होती’ एवढं त्यांनी दाखवलं, की ते सुटतात.”

“म्हणजे हरूनही शहाणे?” मी म्हटलं.

“हरूनही शहाणे. दाखवायचं काम त्यांचं, एवढंच बरं आहे.”

“मग काय दाखवणार आहेत?” व्हर्लीनने विचारलं.

हॉबर्टने चष्मा काढून पुसला. पुसायचं काही नव्हतं त्यावर. म्हणाला, “लेसीची साक्ष. ते म्हणतात, डॉक्टरचं एक वेळ सोडा. पोटची मुलगीच म्हणते की आई स्वयंपाक करते, दर रविवारी चर्चला जाते, बाग करते. मग बाई काम करू शकते असं वाटलं तर आमचं काय चुकलं?”

हे वाक्य तुझ्या आईने आधी एकदा वाचलंच आहे, त्या साहेबाच्या निकालात. तोच कागद तिने तुझ्यापुढे स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवला होता. त्या दिवशी मी तिथे नव्हतो. तुमच्यात काय झालं ते तुम्हा दोघींना ठाऊक. मला एवढंच कळलं, की तू म्हणालीस, “हो, मी तसं म्हटलं,” आणि पुढच्या शनिवारी तुझी खोली रिकामी होती.

मग हॉबर्टने दुसरी गोष्ट सांगितली. त्या मुलाने तडजोड मांडली होती: मागितलेल्या फीचे तीनातले दोन हिस्से घ्या, भांडण मिटवा, कुणी बरोबर कुणी चूक हे न्यायाधीशबाईंना लिहायलाच नको.

“खोटं बोलत नाही व्हर्लीन,” हॉबर्ट म्हणाला, “मला घ्यावंसं वाटतं. या जिल्ह्यात भत्त्याचे खटले घेणारे आम्ही चौघं होतो. तिघांनी सोडून दिलं, पोट भरत नाही म्हणून. मीही किती दिवस काढीन ठाऊक नाही. पण कायद्याने ही फी तुझ्या नावावर येते, माझ्या नाही. तू हो म्हटल्याशिवाय मी घेऊ शकत नाही.”

“घ्या वकीलसाहेब,” ती लगेच म्हणाली. “घेऊन टाका. पोरीचं नाव पुन्हा कुठल्या कागदावर नको.”

हॉबर्ट म्हणाला, घाई नको, दोन आठवडे आहेत.

परत येताना गाडीत, चर्चजवळ, ती एवढंच म्हणाली, “डेवी, तुझ्या गाडीची सीट भिकार आहे.”

मामा


१४ नोव्हेंबर

लेसी,

हे सगळं तुला सांगावं की नाही यावर मी दोन दिवस घालवले. हॉबर्ट म्हणतो, सांगायला हरकत नाही, साक्ष तुझीच आहे.

आम्ही परवा सही करायला गेलो. कागद टेबलावर होता, पेनही होतं. व्हर्लीनने पेन उचललं, तेव्हा हॉबर्ट म्हणाला, “एक विचारू? लेसी त्या दिवशी काय म्हणाली, ते तू ऐकलं होतंस?”

“निकालात वाचलं की.”

“निकालातलं नाही. सुनावणीतलं.”

ऐकलं नव्हतं. कसं ऐकणार? तुझी साक्ष सुरू होण्याआधीच तिची पाठ धरली होती. साहेबानेच सांगितलं, बाहेर जा, आडवी हो. ती बाहेरच्या बाकावर पडून होती आणि मी तिच्या डोक्याखाली माझं जाकीट ठेवून शेजारी उभा होतो. गंमत बघ, त्याच साहेबाने निकालात लिहिलं, की बाई पूर्ण सुनावणीभर काही त्रास न होता बसून होती!

त्या दिवसाचं सगळं बोलणं रेकॉर्ड होतं. खटला मोठ्या कोर्टात गेला की ते टाइप करून वकिलाला मिळतं. हॉबर्टने ते पान काढलं.

“वाचू?”

“वाचा,” ती म्हणाली. ‘नको’ म्हणायच्या सुरात.

हॉबर्टला वाचून दाखवायची कला नाही. शाळेतही नव्हती. बाजारात भाव सांगावा तसा वाचतो. पण त्यामुळेच बरं झालं, असं मला वाटतं.

साहेबाने विचारलं होतं, आई स्वयंपाक करते? तू म्हणालीस, “करते. पण पातेलं चढवते आणि जमिनीवर आडवी होते. बीन्स शिजेपर्यंत उठत नाही. मी आत गेले की म्हणते, झाकण खाली पडलं होतं, शोधत होते.”

चर्चला जाते? “जाते. पण बसत नाही. पूर्वी पुढे उभी राहून गायची, आता मागच्या भिंतीला टेकून उभी असते. लोकांना वाटतं भक्ती वाढली.”

बाग करते? “बाग दिसते ती आईची म्हणूनच ओळखतात सगळे. पण हात माझे असतात. ती खिडकीतून सांगते, मी खणते.”

निकालात काय आलं? करते, जाते, करते. ‘पण’च्या पुढचं सगळं गायब.

आणि शेवटी साहेब म्हणाला, आणखी काही सांगायचंय का. तू म्हणालीस, “हे मी बोलले ते तिला कळू देऊ नका. मला दिसतं हे तिला माहीत नाही. तिला लाज वाटेल.”

हॉबर्टने पान खाली ठेवलं. मी खिडकीबाहेर बघत होतो. खाली कुणीतरी पार्किंगच्या खांबाला मोटारसायकल घासून लावत होता. मी ते फार लक्ष देऊन बघितलं.

तुझी आई म्हणाली, “भिंतीचं तिला कसं कळलं? ती तर पुढे असते, गाणाऱ्यांत. तिची पाठ असते माझ्याकडे.”

“गाताना वळून बघत असेल,” मी म्हटलं.

“आणि टेबलावर मी तो कागद आपटला, तेव्हा हे का नाही बोलली? एवढं तोंड आहे तिला!”

हॉबर्ट म्हणाला, “बोलली असती तर तुला कळलं असतं ना, की तिला दिसतं.”

व्हर्लीनने पेन टेबलावर ठेवलं. ठेवलं म्हणजे दूर सारलं, ते घरंगळत हॉबर्टच्या बाजूला गेलं.

“वकीलसाहेब, हे दोन हिस्से घेतले तर तो साहेब जे लिहून गेलाय ते तसंच राहणार?”

“तसंच राहील. कुणी त्यावर बोलणारच नाही.”

“आणि नाही घेतले तर?”

“तर सरकार त्याच साक्षीवर बोट ठेवेल, मी पूर्ण साक्ष पुढे करीन, आणि न्यायाधीशबाईंना दोन्हीतलं एक निवडावं लागेल. पण हरलो तर एक पैसाही नाही. मलाही नाही आणि हा निकालही त्यांच्या बाजूचा.”

ती माझ्याकडे वळली. “डेवी, याचं भाडं थकलंय का रे?”

“त्यालाच विचार की. समोर बसलाय.”

“थकलंय,” हॉबर्ट म्हणाला.

“मग तुम्हीच सांगा काय करू. तुमच्या कष्टाची फी आहे.”

हॉबर्टने तो तडजोडीचा कागद घडी करून खिशात घातला. म्हणाला, “मी एकदाच सांगतो. फीसाठी भांडायला मला कधीच मजा आली नाही. घरोघरी फिरून विमा विकल्यासारखं वाटतं. या खेपेला येईल बहुतेक.”

म्हणजे तडजोड नाहीच घेतली. उद्या तो त्या मुलाला फोन करून सांगणार आहे.

आता तू माझ्यावर चिडशील. तू साहेबाला जे गुपित ठेवायला सांगितलंस, ते हॉबर्टने फोडलं आणि मी शेजारी बसून ऐकलं. चीड. पण पत्राने चीड, म्हणजे वाचायला मिळेल.

मामा


६ फेब्रुवारी २०१९

लेसी,

तुझं कार्ड मिळालं. धबधब्याचं चित्र छान आहे. मागे तू लिहिलंस एकच ओळ, “ती कशी आहे, खरं सांग.”

खरं सांगतो. सप्टेंबरमध्ये ‘ठीक आहे’ लिहिलं ते खोटं होतं. ऑगस्टमध्ये ती मागच्या पायरीवरून पडली होती. हाड मोडलं नाही, पण तेव्हापासून डावा पाय पूर्ण उचलत नाही. जिना चढायला तिला वेळ लागतो आणि मधे ती माझ्याशी भांडण काढते, म्हणजे थांबायला निमित्त. वृद्धाश्रमात बावीस वर्षं म्हातारी माणसं उचलली, कड बदलली, न्हाऊ घातली. आता स्वतःचे मोजे घालायला लांब चिमटा वापरते. तो चिमटा मी आणून दिला तर म्हणाली, “हा काय, बार्बेक्यूला निघालायस?”

कार्ड तिने बघितलं. मी लपवलं नव्हतं असं नाही, नीट लपवलं नाही. पाच महिने मी पोस्टात फेऱ्या घालतोय हे तिला कळलं होतंच, पोस्टातल्या बाईने चर्चमध्ये सांगितलं. कार्ड उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाली, “मला नाही लिहिलं.”

“तू तिला लिहिलंस?”

“मला लिहायला काय येतंय.”

“बोलायला येतं ना? फोन कर.”

“काय बोलू? की तू बरोबर होतीस? ते तिला ठाऊकच आहे.” मग कार्ड खाली ठेवून, “न्यायाधीशबाईंचं येऊ दे. हातात काहीतरी असू दे.”

मला हे पटलं नाही. पण तुझी आई आहे, तुला माहीत आहे.

सरकारने आपलं म्हणणं डिसेंबरमध्ये दिलं. अकरा पानं, त्यात तुझं नाव सहा वेळा. हॉबर्टने उत्तर दिलं. त्याला रात्री-बेरात्री सुचतं आणि सकाळी मला फोन करून ऐकवतो, जसं काही माझ्या हातात निकाल आहे. त्याने तुझी साक्ष शब्द न् शब्द तशीच टाकली आहे, आणि शेजारी निकालातली वाक्यं. खाली फार काही लिहिलंच नाही. म्हणाला, “मी मधे बोललो तर बिघडेल.”

फक्त एक ओळ त्याने गाळली. शेवटची. ती लाजेची. मी विचारलं, का? तर म्हणाला, “त्याचा फीशी संबंध नाही.”

मामा


२१ मार्च

लेसी,

निकाल आला. हॉबर्टने फोनवर सांगितलं नाही, गाडी घेऊन वर खोऱ्यात आला. त्याची गाडी चिखलात रुतली. आधी ती काढली, मग निकाल वाचला.

न्यायाधीशबाईंनी लिहिलंय, की सरकारची बाजू शहाण्या माणसाला पटण्यासारखी नव्हती. वकिलाची फी सरकारने भरावी. पुढचं मी उतरवून काढलंय, कारण ते तुझं आहे:

“साक्षीदाराने प्रत्येक प्रश्नाला एका दमात उत्तर दिलं. त्या उत्तराचा पहिला अर्धा भाग घेऊन ‘पण’च्या पुढचा टाकून देणं, याला पुरावा वाचणं म्हणत नाहीत. या मुलीने आपली आई काम करू शकते असं कुठेही म्हटलेलं नाही. तिने नेमकं उलट सांगितलं, आणि काळजीपूर्वक सांगितलं.”

आणि त्या बसून राहण्याबद्दल: रेकॉर्डमध्ये साहेब स्वतः तिला बाहेर पाठवताना ऐकू येतो, यावर सरकारकडे काही उत्तर नाही.

हॉबर्टची थोडी फी कापली. टपाल टाकण्याचे, कागद लावण्याचे तास वकिलाच्या दराने धरता येत नाहीत म्हणे. तो म्हणाला, “बरोबर आहे. मलाच ते लावताना लाज वाटत होती. पण टायपिस्ट सोडून गेली, मी काय करू?”

तुझ्या आईने बीन्स आणि मक्याचा पाव वाढला. हॉबर्टने तीनदा घेतलं. जेवण होईस्तोवर तिने कागदाकडे बघितलंसुद्धा नाही. मग भांडी तशीच ठेवून तिने तो परिच्छेद स्वतः वाचला, ओठ हलवत. “‘काळजीपूर्वक’ म्हटलंय,” ती म्हणाली. “बघ डेवी. शाळेत तिच्या प्रगतिपुस्तकावर दर वर्षी ‘निष्काळजी’ लिहून यायचं.”

हॉबर्ट गेल्यावर तिने तुझा नंबर मागितला.

त्या फोनवर तुम्ही काय बोललात ते मी ऐकलं नाही. म्हणजे, मी अंगणात होतो. दार उघडं होतं, पण ओढ्याला पाणी खूप होतं. तिने पाऊण तास ट्रिनाच्या नवऱ्याबद्दल आणि माझ्या बुटांबद्दल सांगितलं, एवढं कानावर आलं. तू काय म्हणालीस कोण जाणे, पण माझ्या बुटांचं मधेच सोडून ती म्हणाली, “हो गं. दुखतं. रोज दुखतं.”

एवढंच. पुढे पुन्हा माझे बूट.

मामा


१९ ऑगस्ट

लेसी,

फोनवर सगळं कळलंच आहे, पण मला लिहायची सवय लागली. शिवाय तुम्ही दोघी फोनवर बोलता तेव्हा मला कुणी देत नाही.

दुसऱ्या सुनावणीला साहेब वेगळा होता. चाळीस मिनिटांत उठला. भत्ता मंजूर झाला, मागच्या वर्षांचाही. त्या थकलेल्या रकमेतून वकिलाचा कायद्याने ठरलेला हिस्सा हॉबर्टला मिळाला. एकाच कामाची फी दोन्हीकडून ठेवता येत नाही, असा नियम आहे. त्यातली लहान रक्कम अशिलाला परत द्यावी लागते. म्हणून सरकारने दिलेली ती फी हॉबर्टने चेक लिहून व्हर्लीनला आणून दिली. ती घेईना. “तुम्ही भांडून मिळवलीत.” तो म्हणाला, “बाई, घे, नाहीतर माझी सनद जाईल.” तेव्हा घेतली. त्याने भाडं भरलं आहे आणि आणखी दोन खटले घेतले आहेत. एक आपल्याच चर्चमधल्या म्हाताऱ्या नोबलचा. एक टायपिस्टही ठेवली आहे, ती त्याला धाकात ठेवते.

तर तू शुक्रवारी लेक्सिंग्टनला उतरतेस. मी विमानतळाच्या दाराबाहेरच उभा असेन, आत गाडी लावायचे पैसे घेतात. सीट बदलली आहे.

तुझ्या खोलीला रंग चालू आहे. रंग मी देतोय. व्हर्लीन दाराशी खुर्ची टाकून बसते, बसवत नाही तेव्हा सरळ तिथेच उशी घेऊन आडवी होते, आणि जमिनीवरून मला हुकूम सोडते. “तो कोपरा राहिला. आंधळा आहेस का? बसला ओरखडे तूच पाडायचास ना?” दोन दिवस झाले, माझ्या खांद्याचे तुकडे पडलेत. भत्त्याचा अर्ज आता मीच करणार आहे.

रंग तिने निवडलाय. पिवळा. डब्यावर लोण्याचा रंग म्हणून लिहिलं होतं, भिंतीवर मोहरीसारखा दिसतो. एवढा पिवळा रंग मी आजपर्यंत फक्त शाळेच्या बसला बघितलाय. तुला आवडणार नाही. मलाही आवडलेला नाही. पण तिचं सकाळपासून तीनदा विचारून झालंय, “तिला आवडेल ना रे?”

आवडला म्हण. हे काही कोर्ट नाही.

मामा